‘वाटचाल’मधल्या मुलीचा प्रश्न

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख बहुतेकांना एका व्याख्येसाठी आठवतो: ज्या प्रदेशातली माणसं पंढरीला जातात, तो महाराष्ट्र. ‘परिपूर्ती’तला (१९४९) हा लेख १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये इंग्रजीत आला आणि व्याख्या देशाबाहेरही गेली. वारकरी कुठून कुठून आले होते ते सांगताना आमचा मुलूख त्यात एका शब्दात येतो, ‘मोगलाई’. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

मला मात्र व्याख्येपेक्षा लेखातलं जेवण मोठं वाटतं. दिंडी एक, अभंग तेच, पण मुक्कामाला ब्राह्मण आणि मराठा बायकांची चूल वेगळी. इरावतीबाई मराठा बायकांबरोबर जेवल्या. मग त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, ताई म्हणू लागल्या, पुण्याला भेटायला येऊ म्हणाल्या. त्यावर एका तरुण मुलीने विचारलं, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? बाईंच्या ते जिव्हारी लागलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. उत्तर मात्र लेखात नाही. व्याख्या उद्धृत करणारे आपण तर ती मुलगीच गाळून टाकतो.

तिचा नेम अचूक आहे. वाटेवर बाई तिच्या पंगतीला आल्या. पुण्यात तिला बाईंच्या घरात जायचं होतं. दोन्ही वेळा ठरवणार बाईच. लेख इतका प्रामाणिक असूनही या फरकापाशी रेंगाळत नाही.

हसनाबादहून अंगारकीला लोक राजूरच्या गणपतीला पायी जातात. जालन्याहून तर रात्रभर माणसांची रांग असते. मी कॉलेजात असल्यापासून एका शाळासोबत्याबरोबर जातो. वाटेत कुणी केळी देतं, कुणी चहा, कुणी साबुदाण्याची खिचडी. एका द्रोणात आम्ही दोघं खातो. त्याचं घर गावाच्या पार त्या टोकाला. इतक्या वर्षांत तो आमच्या ओसरीच्या आत आलेला नाही. आई म्हणते, त्यालाच संकोच वाटतो. मला हे उत्तर सोयीचं पडत आलंय.

मागच्या अंगारकीला परतताना तो म्हणाला, “पुण्याला येऊ का रे एकदा?”

मी लगेच म्हटलं, “ये ना, रूमवरच राहा.” गावातल्या घराचं नाव मी काढलं नाही. त्यानेही नाही.