फिरलेले देऊळ, अर्धे फिरलेले विद्यापीठ

पुसेगावच्या टापूत वाढलेल्या माणसाला शांततेने केलेल्या निषेधाची पहिली गोष्ट पाठ्यपुस्तकात भेटत नाही, कीर्तनात भेटते. नर्सी हे परंपरेने मानलेले नामदेवांचे जन्मगाव याच जिल्ह्यात, आणि औंढा नागनाथही इथलेच. औंढ्याला देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी उठवले, ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही आख्यायिका आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची जी एकसष्ट पदे आहेत, त्यांतल्या एकात हा प्रसंग आहे आणि तिथे हाकलण्याचे कारण आडपडदा न ठेवता सांगितले आहे: जात. आपले कांबळे उचलून मागे जाऊन बसणारा नामा त्या पदात दिसतो. भांडण नाही, दगड नाही, शापही नाही. तक्रार आहे, आणि ती थेट देवाकडे आहे.

आपण ही गोष्ट भक्तीचा महिमा म्हणून ऐकतो. समीक्षकाच्या नजरेने ऐकली तर एक गोष्ट खटकते. देऊळ फिरले, पण पुजाऱ्यांचे काय झाले? दाराची दिशा बदलली. दारात कोण उभे राहील हे ठरवणारा बदलला का? आख्यायिका याबद्दल गप्प आहे. नामदेवांच्याच मांदियाळीतले चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामात भिंतीखाली चिरडून गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणल्याचे परंपरा सांगते. समाधी मात्र महाद्वाराबाहेर, पायरीशी. चोखोबांच्या जातभाईंना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. मध्ये सहा शतके गेली. चमत्काराने फिरलेले देऊळ एकासाठी फिरते. सर्वांसाठी फिरवायचे तर माणसांनाच खांदा लावावा लागतो.

या खांदा लावण्याच्या इतिहासाकडे आपण जगाच्या वर्णद्वेषविरोधी लढ्यांशी जोडून पाहतो तेव्हा थोडे सावध राहावे लागते. जोडणी जुनी आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची प्रत मागितली. पण त्याच आंबेडकरांनी जात म्हणजे वंश हा सिद्धांत ठामपणे नाकारला होता. दोन अन्याय शेजारी ठेवून समजून घेता येतात, एकमेकांत विरघळवता येत नाहीत. कातडीचा रंग दुरून दिसतो. जात विचारावी लागते, आणि म्हणून ती चोरताही येते.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातली शीर्षककथा नेमकी इथे उभी आहे. नोकरीच्या गावी जात लपवून राहणारा निवेदक उघडा पडतो, मार खातो. त्याला सोडवायला येतो तो काशीनाथ, चाकू बाळगणारा. आपल्या समीक्षेने या कथेतल्या विद्रोहाबद्दल पुष्कळ लिहिले. काशीनाथचा चाकू आणि निवेदकाचे शेवटचे उत्तर यांच्यातल्या ताणाबद्दल मात्र कमी लिहिले. निवेदक म्हणतो त्याचा आशय असा, की मारणारी ही माणसे नव्हेत, मारले ते मनूने. हे दुबळेपणाचे वाक्य नाही. समोरच्या चार माणसांवर सूड उगवून प्रश्न सुटत नाही, हे मार खाऊन पडलेल्या माणसाने मारणाऱ्यांपेक्षा अधिक नीट ओळखलेले आहे. बागुलांनी चाकू कथेतून काढून टाकला नाही, हेही महत्त्वाचे. तो नसता तर निवेदकाचा संयम ही निवड राहिली नसती, नुसती लाचारी झाली असती.

साठोत्तरी दलित साहित्यावर भाषेच्या हिंसकतेचा आरोप फार झाला. मला तो आरोप चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला वाटतो. १९७२ हे वर्ष घ्या. त्या वर्षी दलित पँथर स्थापन झाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. ‘गोलपिठा’ त्याच वर्षीचा. ती चीड वाढायला जी कारणे झाली त्यांत आपल्या तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले ब्राह्मणगाव होते. तिथे दलित स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली होती. त्या १५ ऑगस्टला ‘साधना’च्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. ढाल्यांनी दोन दंड शेजारी ठेवले: राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये, दलित स्त्रीच्या अब्रूला ५०. मग ध्वजाबद्दल जे लिहिले, त्यावरून महाराष्ट्रात गहजब झाला, दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेही आक्षेप घेतला. वाद रंगला तो शब्दांवर. ५० रुपयांवर तेवढा रंगला नाही. ढाल्यांनी कोणाला काडीने स्पर्श केला नव्हता, लेख लिहिला होता. सनदशीर निषेधाचा याहून सनदशीर प्रकार कोणता?

कवितेतली शिवी ही हल्ल्याची योजना नसते, आणि सभ्य भाषा ही अहिंसेची हमी नसते. याचा पुरावा सहा वर्षांनी मिळाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. ज्यांच्या कवितेला आपण हिंसक म्हणत होतो त्यांची घरे जळाली. जाळणाऱ्यांपैकी कोणी बहुधा कविता लिहीत नव्हते. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी, निजामाविरुद्ध झुंजलेली, वैयक्तिक आयुष्यात निर्मळ माणसे होती. मराठवाड्याच्या अस्मितेचा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण जिथे वस्त्या जळत होत्या तिथे तो मुद्दा कोणाच्या कामी आला, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी अजून पुरता अंगावर घेतलेला नाही.

त्या दिवसांसाठी आपण सर्रास ‘दंगल’ हा शब्द वापरतो. दंगल कुस्त्यांचीही असते. तिला दोन जोडीदार लागतात. एका बाजूने घर जाळायचे आणि दुसऱ्या बाजूने पोरे घेऊन शिवारात पळायचे, याला दंगल म्हटले की दोषाची आपोआप समान वाटणी होते.

शांततामय लढ्याची बाजू मी मांडतो ती याच कारणासाठी. तो सोज्वळ असतो म्हणून नव्हे. हिंसा नेमकी कोणाची, हे तो झाकू देत नाही म्हणून. महाडला २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायल्यावर प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा उलट हात उचलू नका असे बाबासाहेबांनी सांगितले. सैन्यात नोकरी केलेली माणसे त्या जमावात होती. त्यांना लढता येत नव्हते असे नाही. म्हणून चवदार तळ्याच्या हकिगतीत हल्लेखोर कोण, याबद्दल आज कुणालाही संदिग्धता ठेवता येत नाही. दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये जिंकला गेला. दहा वर्षे लागली.

११ नोव्हेंबर १९७९ रोजी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च याच घराण्यातला. वस्त्या जळाल्यानंतरचे उत्तर म्हणून हजारो माणसे चालत निघाली. खडकपूर्णा नदीवर त्यांना अडवले, लाठ्या पडल्या. त्या चालण्याने कवितेला, गाण्याला, जलशाला जे दिले त्याची नीट मोजदाद झालेली नाही. दलित आत्मकथने मात्र त्याच सुमारास आली, ‘बलुतं’ १९७८ ला, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ ला. सोनकांबळे आपल्या मराठवाड्याचे. त्यांचा आवाज चढत नाही. भूक आणि अपमान ते जेवढ्यास तेवढे सांगतात, वाचणाऱ्याला खाली बघायला लावतात.

पण शांततेच्या हिशेबात जमेबरोबर खर्चही लिहिला पाहिजे. ठरावापासून अंमलापर्यंत सोळा वर्षे गेली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. इतरांवर हात न उचलणाऱ्या लढ्यातली हिंसा शेवटी स्वतःच्या देहावर वळते, आणि बाकीचा समाज तिला ‘शांततेत’ जमा करून मोकळा होतो. १४ जानेवारी १९९४ ला मिळाले ते नामांतर नव्हे, नामविस्तार: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. देऊळ अर्धे फिरले. त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ निघाले, १९३८ च्या हैदराबाद सत्याग्रहाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे. आपली महाविद्यालये त्याच्याकडे गेली. ज्या नावावरून आपल्या गावांत घरे जळाली, ते नाव आपल्या पोरांच्या पदवीवर आता येतच नाही. या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. अमेरिकन निग्रोंच्या साहित्याची मराठीला सविस्तर ओळख करून देणारे. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा हा तपशील नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये दगड पडले, मग पोलिसांची धरपकड, मग न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू. कित्येक दिवस चावडीवर, एसटीत चर्चा चालली ती दगडांची आणि फुटलेल्या काचांची. विटंबना आणि मृत्यू मागे पडले. १९७२ मध्ये ध्वजाच्या वाक्याने जे झाले तेच. पुढे परभणीहून मुंबईकडे पुन्हा एक पायी मोर्चा निघाला, तेव्हा बोलणे परत त्या मृत्यूवर आले.

आपल्या साहित्यात सोसणाऱ्याची साक्ष आता भरपूर आहे. १९७८ च्या त्या रात्री ओसरीवर बसून वस्तीकडचा उजेड पाहणाऱ्यांची साक्ष मात्र विरळ आहे. त्यांतले कित्येक दर एकादशीला नामदेवांची गोष्ट ऐकत आले होते, आणि देऊळ फिरले तिथे टाळीही वाजवत होते.