सूतिकागार आणि डोहाळजेवण

चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठवा अध्याय वैद्यकाचा भाग म्हणून पुष्कळांनी अभ्यासिला आहे. गद्य म्हणून तो क्वचितच कोणी वाचीत असेल. आम्ही तो अलीकडे त्या दृष्टीनें वाचला, आणि वाचतांना आपल्या डोहाळेगीतांची सारखी आठवण होत राहिली. दोहोंची नायिका एकच, परंतु एकांत तिला काय हवें याचें वर्णन आहे, तर दुसऱ्यांत तिला काय लागेल याचें.

नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार बांधून ठेवावें, असें ग्रंथकार सांगतो व मग लांबलचक यादी देतो: तूप, तेल, मध, सैंधव, बेलाच्या लाकडाच्या दोन खाटा, धार लावलेलीं शस्त्रें, सुया, दोरा, अग्नि पेटविण्यास टेंभुर्णीचें व हिंगणबेटाचें सरपण. आणि याच सामानाच्या पंक्तीस बसतात पुष्कळ वेळां प्रसूत झालेल्या, प्रेमळ, चतुर व सोशीक स्त्रिया! यादीइतका रुक्ष वाङ्मयप्रकार दुसरा नसेल. तरी येथें प्रत्येक वस्तूमागें एकेक भीति उभी आहे, आणि ग्रंथकार तिचें नांव न घेतां तिची तरतूद करून पुढें जातो.

अध्यायांतील सर्वांत जिवंत स्थळ मात्र निराळेंच आहे. वेणा लागलेल्या स्त्रीकडून मुसळानें कांडवावें, असें कित्येकांचें मत सांगून तें भगवान आत्रेय साफ खोडून काढतात. त्या नाजुक वेळीं असले श्रम तिच्या जिवावर बेततील. तिनें मधून मधून चालावें, इतकेंच पुरे. कळ आल्यावांचून जोर करूं नको, हेंही तिला सांगावयाचें आहे, व तें जवळ असलेल्या त्याच प्रेमळ स्त्रियांनीं सांगावयाचें आहे. वादविवादाच्या भरांतही ज्या लेखकाचें लक्ष त्या खाटेवरून ढळत नाहीं, त्याला कोरडा कोण म्हणेल?

दोष नाहींत असें नव्हे. याच अध्यायांत पुत्रप्राप्तीसाठीं पुंसवनाचा विधि आहे. आणि आम्ही चाळलेल्या गर्भसंस्कारांच्या नव्या पुस्तकांना चरकाची आठवण होते ती सुसंततीपुरती, यादीपुरती नव्हे. शिवाय ही यादी घराच्या उंबरठ्याशीं संपते. मूल आडल्यास काय करावें तें सुश्रुतानें मूढगर्भाच्या प्रकरणांत सांगितलें. परंतु तेथेंही शस्त्र धरण्यापूर्वीं अधिपतीला विचारावयाचें आहे.

विचारण्याचा हा काळ फार महाग पडतो. थॅडियस व मेन यांनीं 1994 सालीं मातृमृत्यूंचीं कारणें शोधतांना तीन विलंब दाखविले: निर्णय घेण्यांतील, दवाखान्यापर्यंत पोंचण्यांतील, आणि पोंचल्यावर उपचार मिळण्यांतील. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कांहीं तासांत प्राण नेतो. म्हणून आजच्या यादींत दवाखाना कोणता, वाहन कोणाचें, पैसे कोठें ठेवले, रक्त कोण देईल व नवरा परगांवीं असतां होकार कोणी द्यावा, हीं कलमें येतात. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत प्रसूतीपूर्वीं कांहीं दिवस आरोग्यकेंद्राजवळ राहण्यास ‘माहेरघर’ काढलें, तें एका परीनें चरकाचें सूतिकागारच होय. नांव मात्र अधिक सुंदर आहे. 2018–20 या काळांत महाराष्ट्रांत लाख जिवंत जन्मांमागें 33 माता दगावल्या, देशांत 97. या अंकांत अशा याद्यांचाही वांटा असावा असें आम्हांस वाटतें.

आणि डोहाळेगीत? सातव्या महिन्यांत फुलांची वाडी भरावी, झोपाळ्यावर बसवावें, झांकलेल्या वाटींतून पेढा निघतो कीं बर्फी हें पाहून हंसावें, यांत वाईट कांहींच नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, त्या दिवशीं अशुभ बोलूं नये या संकेतानें पुढचे दोन महिनेही मुके होतात. जात्यावरच्या ओवींत बाळंतवेणा येतात, आईला मारलेली हांक येते. पण ती ओवी पहांटे, दळतांना म्हटलेली. पाहुण्यांसमोर ती कोणी म्हणत नसे.