सत्तर गुणांची ‘राजी’

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. त्याआधी २०१७मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरीही गेम पूर्ण झाला, जगभर पोचला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. समीक्षकांचे गुण मात्र शंभरात सत्तरीच्या आसपास अडकले.

आपल्याकडे दहावीच्या निकालाला सत्तर टक्के पडले की पेढे आणायचे की नको, यावर घरात थोडा विचार होतो. गेमच्या दुनियेतही सत्तर म्हणजे ‘सेल लागला की बघू’. मीही तेच केलं. ‘राजी’ विशलिस्टमध्ये टाकला आणि वर्षभर तिकडे फिरकलो नाही. मग एका सुट्टीत घेतला, दोन बैठकींत संपवला. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे : तो सत्तरचा आकडा चुकीचा होता का?

माझं उत्तर असं : चुकीचा नव्हता. पण माझ्या काही कामाचाही नव्हता.

आधी चुकीचा का नव्हता ते बघू. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं धनुष्य मिळतं. ती खांबाला गरगर फिरते, भिंतीवरून पळते, हे सगळं बघायला झकास आहे. पण मारामारीत बटण दाबणं आणि वार होणं यांच्यात मधूनमधून तुटकपणा जाणवतो. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे उडी कुठे मारायची याचा अंदाज चुकतो. पाचेक तासांत गेम संपतो, आणि शेवट असा की गोष्ट मध्येच सोडून दिल्यासारखी वाटते. समीक्षकांनी नेमक्या याच तक्रारी केल्या होत्या. ‘आपला गेम म्हणून मुद्दाम गुण कापले’ असं म्हणायला जागा नाही.

आता कामाचा का नव्हता. यातल्या गोष्टी छाया-बाहुल्यांच्या रूपात सांगितल्या आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या पडद्यावरच्या सावल्या नुसती ‘एक वेगळी शैली’ वाटणार नाहीत. राजी ज्या महालांतून धावते ते राजस्थानी धाटणीचे आहेत, आपल्याकडचे नाहीत. पण लहानपणी औंढा नागनाथच्या देवळाभोवती फिरताना दगडात कोरलेल्या मूर्तींकडे मान वर करून बघितलेलं असलं, तर या गेममध्ये आपण उगाचच थांबतो आणि भिंती बघत राहतो. मी थांबलो. दुर्गा कोण, विष्णू कोण, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, त्यामुळे ज्या निवेदनाने नवख्या खेळाडूला अडखळायला होईल तिथून मी सरळ पुढे गेलो. या गोष्टीला किती गुण द्यायचे? एकाला ती दहा गुणांची, दुसऱ्याला शून्याची. सरासरीत तिचं काही उरत नाही.

शिवाय हे गुण कुठे बसून दिले गेले? ‘राजी’ सगळ्यात आधी, ऑगस्ट २०२०मध्ये, फक्त निन्टेंडो स्विचवर आला. स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबरमध्ये आला. म्हणजे पुण्यात बनलेल्या गेमबद्दलचं पहिलं मत अशा मशीनवर तयार झालं, जे पुण्यातल्या बहुतेक खेळाडूंकडे नव्हतं. पुढे २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. ज्यांनी आधी गुण दिले होते, त्यांनी तो गेम हिंदीत ऐकलेला नव्हता.

आकडा तयार कसा होतो तेही बघण्यासारखं आहे. मेटाक्रिटिक ही साइट वेगवेगळ्या ठिकाणचे गुण शंभरावर आणून त्यांची सरासरी काढते. काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देते, पण कुणाला किती, ते सांगत नाही. दोन-तीन बोर्डांचे मार्क एकत्र करून एकच मेरिट लिस्ट लावावी, तसंच हे. आणखी एक गंमत : त्याच साइटवर सिनेमाला सत्तर मिळाले तर चौकोन हिरवा दिसतो, गेमला सत्तर मिळाले तर पिवळा. कारण गेमसाठी हिरव्याची हद्द ७५ला सुरू होते. साइट एक, आकडा एक, रंग वेगळे. आणि आपण खरेदी करताना आकड्याआधी रंग बघतो.

या आकड्यावर पोटही अवलंबून असतं. ‘फॉलआउट : न्यू वेगस’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. आज तो गेम लोक अजूनही आवडीने खेळतात. त्या एका गुणात गेमबद्दल नेमकं काय कळलं?

मोठा आकडा तरी भरवशाचा असतो का? ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये यायच्या आधी समीक्षकांच्या हाती फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली. सुरुवातीचे गुण नव्वदच्या आसपास होते. ज्यांनी ते बघून जुन्या प्लेस्टेशन ४साठी गेम घेतला, त्यांना तो नीट चालेना. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला. गुण खोटे नव्हते. ते दुसऱ्याच मशीनचे होते. मी इंजिनिअरिंगला असताना नव्वदीचा एक गेम असाच घेतला होता. डाउनलोडला डेटा गेला, आणि माझ्या लॅपटॉपवर तो स्लाइड शोसारखा चालला. तेव्हा मी लॅपटॉपला शिव्या दिल्या. खरं तर रिव्ह्यू कशावर खेळून लिहिलाय, ते मी वाचलंच नव्हतं.

मग स्कोअर बघायचेच नाहीत का? बघायचे, पण फार थोड्या कामासाठी. चाळीसच्या खाली गेलेला गेम बहुधा खरंच मोडका असतो, तिथे आकडा पैसे वाचवतो. सत्तर की पंच्याऐंशी, हा फरक मात्र आपल्यासाठी ठरवायला तो असमर्थ आहे.

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा लिलाव बघितला असेल तर आठवा. व्यापारी ढिगातलं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग बोली लावतो. हळदीलाही आकडा असतो, कुरकुमिनचं प्रमाण. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळाल्यापासून त्याची चर्चा जास्तच होते. औषधासाठी अर्क काढणाऱ्याला तो आकडा महत्त्वाचा. मसाल्यासाठी माल घेणारा आधी रंग-वास बघतो. माल तोच, गरज वेगळी.

गेमच्या बाबतीत हळकुंड मोडायची सोय आहे. आकडा सोडून रिव्ह्यूतल्या तक्रारी वाचा, आणि त्यातल्या कोणत्या आपल्याला बोचतील ते ठरवा. ‘फार लहान आहे’ ही ‘राजी’बद्दलची तक्रार नोकरी करणाऱ्या माणसाला जाहिरात वाटू शकते, मला वाटली. ‘मारामारी कच्ची आहे’ हे ज्याला मारामारीच हवी त्याने गंभीरपणे घ्यावं. मग आपल्यासारख्याच मशीनवर कुणी खेळताना व्हिडिओ बघा. स्टीमवर घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून रिफंड मागता येतो. ‘राजी’त दोन तास म्हणजे जवळजवळ निम्मा गेम.

एक सावधगिरी आपल्या बाजूनेही हवी. ‘मराठी मातीतला, भारतीय गेम, म्हणून पाच तारे’ हाही शेवटी एक आकडाच, आणि तोही न खेळताच दिलेला. त्याने स्टुडिओला चार दिवस बरं वाटेल. कॅमेरा कुठे अडतो, वार कुठे चुकतो, हे त्यांना कोण सांगणार? पुण्यातल्या पुढच्या गेमसाठी आपण एवढं करू शकतो : घ्यावा, खेळावा, आणि आवडलं-खटकलं ते दोन ओळींत लिहावं. माझ्या दोन ओळी अशा : “मारामारी साधारण, शेवट अर्धवट. भिंती बघण्यासाठी थांबलो आणि त्यासाठी पुन्हा घेईन.”