रघूचा मुलगा आणि गिरणीचा भोंगा

महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ (१९९९) समुद्रकिनाऱ्यावर रघूच्या श्राद्धाने सुरू होतो आणि त्याचा लहान मुलगा विचारतो, माझा बाप कोण होता? पुढचा सगळा चित्रपट हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘हथियार’ (२००२) हा त्याचा दुसरा भाग, त्याच मुलाची, रोहितची गोष्ट. गल्ल्यासाठी काढलेला दुसरा भाग म्हणून तो बाजूला टाकला जातो. मला मात्र मांजरेकरांच्या पुढच्या वाटचालीची किल्ली त्या फसलेल्या चित्रपटातच दिसते.

‘वास्तव’ हिंदीत असला तरी त्याचं घर मराठी रंगभूमीचं आहे. रीमा लागू, शिवाजी साटम, संजय नार्वेकर, उषा नाडकर्णी यांच्या बोलण्यात चाळीची लय आहे. पावभाजीच्या गाडीवरचं एक भांडण, त्यात पडलेला मुडदा आणि मग परतीची वाट बंद. रघू सोनं अंगावर घालून आईसमोर उभा राहतो तेव्हा त्याला हवी असते ती तिची शाबासकी. शेवटी त्याच आईला त्याच्यावर गोळी झाडावी लागते. इथे गुन्हा घडतो तो अपघाताने आणि गरजेपोटी.

‘हथियार’मध्ये तो वारशाने येतो. बाप आणि मुलगा दोघेही संजय दत्तच. तोच चेहरा पुन्हा दिसला की प्रेक्षक मुलाचं भवितव्य आधीच ठरवून टाकतो. बापाच्या नावाचा डाग पुसू न देणारा समाज हा खरा विषय होता, पण नायकाच्या रुबाबापुढे तो मागे पडला. आमचं उमरठ तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं गाव. रायबाला बापाचं नाव मिरवता आलं. रोहितला ते लपवावं लागतं. नावाचं हे ओझं चित्रपटाला दिसलं, पण पेललं नाही.

दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट जवळजवळ नाहीच : गिरणी. पोलादपूर-महाडकडचे किती पुरुष लालबाग-परळला गेले, गावाच्या खोलीत दाटीवाटीने राहिले, हे इथल्या कोणत्याही घरात विचारा. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्या घरांचा कणा मोडला. रघूसारखी पोरं बेकार का, याचं उत्तर तिथे आहे.

ते उत्तर मांजरेकरांना जयंत पवारांकडून मिळालं. ‘अधांतर’ या नाटकावरचा ‘लालबाग परळ’ (२०१०) मी ‘वास्तव’चा खरा दुसरा भाग मानतो. तिथेही आई आहे, वाया गेलेला मुलगा आहे, पण मुलाच्या हातातल्या पिस्तुलामागे गिरणीचा बंद पडलेला भोंगा ऐकू येतो. चित्रपट भडक आहे, काही प्रसंग नाटकाच्या संयमाला शोभत नाहीत. तरीही कारण रक्तात नव्हे, इतिहासात शोधलेलं आहे. मधल्या काळात ‘अस्तित्व’ही (२०००) त्यांनी केला होता. घरातल्या नात्यांवरची त्यांची पकड तिथे दिसतेच.

पुढे ‘मुळशी पॅटर्न’वरून ‘अंतिम’ (२०२१) आला. त्यात जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगार होतो. गिरणीच्या जागी शेत आलं, एवढाच फरक. मग पुन्हा पवारांच्याच कथेवरचा ‘नाय वरणभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ (२०२२). त्यातली गिरणगावातली पोरं तर रोहितपेक्षाही लहान आहेत, आणि बाप कोण होता हे विचारायला त्यांच्यापाशी श्राद्धाचा किनाराही नाही.