वर्गणीदार आणि मित्र

मंडळी, भिंगारमधली मुलं मला विचारतात, "सर, मैत्रीवर चित्रकथांचं पुस्तक काढतोय, लोकांकडे पैसे मागू का?" जरूर मागा. वाट जुनीच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले. त्यातून ज्ञानकोशाचे २३ खंड उभे राहिले.

पण मला तितकंच मोलाचं वाटतं ते त्यांचं 'माझे बारा वर्षांचे काम' हे पुस्तक. हे काम कसं चाललं, ते त्यांनी लोकांपुढे मांडलं.

ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार सांगतो: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. 'पैसे द्या, शेवटच्या पानावर नाव छापू', ही झाली उपयोगाची. त्यात वाईट काही नाही, पण देणंघेणं संपलं की तीही संपते. माझा आक्षेप एवढाच, की पुस्तकात मैत्रीचे गोडवे गायचे आणि पैसे देणाऱ्याला साधा हिशेबही द्यायचा नाही, हे बरं नव्हे. उशीर का झाला, कुठे चुकलं, हे त्याला मोकळेपणाने सांगा. मित्राला आपण तेवढं सांगतोच ना? केतकरांचं पुस्तक मिळालं तर या नजरेने जरूर वाचा.