एका मोजपट्टीने सारी बाळे मोजावीत का?

घरात बाळ जन्मले की पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा की मुलगी?’ आणि दुसरा, ‘वजन किती भरले?’ उत्तर अडीच किलोच्या वर असले की विचारणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याखाली असले की आजीपासून परिचारिकेपर्यंत सगळ्यांचे चेहरे गंभीर होतात. ही अडीच किलोची रेषा आली कोठून, आणि तिच्याऐवजी आता जी नवी मोजपट्टी पुढे केली जात आहे ती कितपत भरवशाची आहे, हे या लेखात तपासायचे आहे.

२५०० ग्रॅमचा आकडा फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ च्या सुमारास वापरला. अपुऱ्या दिवसांची बाळे ओळखण्यासाठी त्यांना एक सोयीची खूण हवी होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तोच आकडा उचलला. पण लवकरच लक्षात आले की या रेषेखाली दोन अगदी वेगळ्या प्रकारची बाळे एकत्र येतात. एक, सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले, पण त्या वेळेपर्यंत व्यवस्थित वाढलेले. दुसरे, पूर्ण दिवस भरूनही पोटात नीट न वाढलेले. दोघांचे वजन सारखे असले तरी दोघांपुढील धोके वेगळे असतात. म्हणून १९६१ मध्ये संघटनेने ‘अपुऱ्या दिवसांचे’ हा शब्द बदलून ‘कमी जन्मवजनाचे’ असा केला. शब्द बदलल्याने प्रश्न मात्र सुटला नाही. बाळ लहान आहे की नाही, हे ते किती आठवड्यांचे आहे हे पाहूनच ठरवायला हवे होते.

त्यासाठी आठवड्यांनुसार वजनाचे आलेख तयार झाले. त्यांतला एक प्रसिद्ध आलेख १९६३ मध्ये लुला लुबचेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डेन्व्हर येथे काढला. तो अनेक वर्षे दूरदूरच्या रुग्णालयांत वापरला गेला. गंमत अशी, की डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवा विरळ असते, गर्भाला प्राणवायू कमी मिळतो आणि बाळे लहान होतात. कोलोराडोतील नोंदींवरून दर १००० मीटरमागे सुमारे १०० ग्रॅम इतकी ही घट आहे. शिवाय त्या रुग्णालयात येणाऱ्या माता बहुतांशी गरीब कुटुंबांतल्या होत्या. म्हणजे डोंगरावरच्या गरीब मातांची बाळे सपाटीवरच्या सर्वांसाठी माप ठरली. साहजिकच सपाटीवर या आलेखाने तपासताना काही लहान राहिलेली बाळेही ‘ठीक’ वाटून गेली.

येथे दोन शब्दांतला फरक आपण नीट समजून घेऊ. एखाद्या ठिकाणची बाळे प्रत्यक्षात कशी आहेत हे सांगतो तो ‘संदर्भ-आलेख’. सारे काही अनुकूल असेल तर बाळे कशी असायला हवीत हे सांगते ते ‘मानक’. वर्गातल्या मुलांची सरासरी उंची हा संदर्भ आहे. त्या मुलांना पोटभर, चौरस आहार मिळाला असता तर ती किती उंच झाली असती, हे मानक. पहिले मोजता येते. दुसऱ्यासाठी मात्र कोणाला मोजायचे ते आधी निवडावे लागते, आणि सगळा वाद या निवडीतच दडलेला असतो.

‘इंटरग्रोथ-२१’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने असेच मानक तयार करण्याचे धाडस केले. ब्राझील, इटली, ओमान, ब्रिटन, अमेरिका, चीन, केनिया आणि भारत अशा आठ देशांतील प्रत्येकी एक नागरी भाग त्यांनी घेतला. भारतातून निवड झाली ती आपल्या नागपूरची. सुमारे ५९ हजार गर्भवतींपैकी निरोगी, चांगले पोषण असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या आणि सोनोग्राफीने आठवड्यांची खात्री झालेल्या सुमारे २० हजार माता निवडून त्यांच्या बाळांवरून हे मानक बेतले. सप्टेंबर २०१४ मध्ये ते ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निष्कर्ष थोडक्यात असा: माता निरोगी आणि सुस्थितीत असेल तर गर्भाची वाढ जगभर जवळजवळ सारखीच होते, म्हणून सर्वांसाठी एकच मोजपट्टी पुरेशी आहे.

या कामाचे मोल आम्हाला मान्य आहे. मोजमापाची इतकी काटेकोर शिस्त पूर्वीच्या आलेखांत क्वचितच दिसते. ‘आपल्याकडची बाळे जन्मतःच लहान असतात, त्यात काय एवढे!’ असे म्हणून हात झटकण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला या मानकाने चांगला धक्का दिला. तरीही आमच्या तीन हरकती आहेत.

पहिली हरकत पुराव्याविषयी. सर्व ठिकाणची वाढ सारखी आहे हे दाखवताना प्रामुख्याने लांबी आणि डोक्याचा घेर पाहिला गेला. ती मापे खरोखरच जुळतात. पण वजन तसे जुळत नाही. सर्व ठिकाणच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.३ किलो होते, तर नागपूरच्या बाळांचे सुमारे २.९ किलो, आणि तेही निवडक, सुस्थितीतील मातांच्या बाळांचे. लांबी जुळते म्हणून वजनही एकाच पट्टीने मोजावे, हे अनुमान जरा घाईचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत अशीच पाहणी करून २०१७ मध्ये गर्भवाढीचे आलेख प्रसिद्ध केले. त्या पाहणीत भारतही होता. तिच्यात देशादेशांत लक्षणीय फरक आढळले, आणि मातेची उंची, वजन, वय, आधीची बाळंतपणे व गर्भाचे लिंग यांचा परिणामही दिसला.

दुसरी हरकत निवडीविषयी. मातेची उंची निदान १५३ सेंटीमीटर असावी, अशी प्रकल्पाची अट होती. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे ज्या देशाच्या नावाने नागपूर या प्रकल्पात आले, त्या देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया दारातच अडल्या असत्या. आणि मातेचे आकारमान ही किरकोळ बाब नाही. वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये दांडगे शायर घोडे आणि ठेंगणे शेटलंड तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू मोठे निघाले, शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेले लहान. दोन्हींचा वारसा सारखाच निम्मानिम्मा होता, फरक होता तो आईच्या शरीराचा. आईच्या शरीरात जेवढी जागा आणि जेवढा पुरवठा, तेवढीच गर्भाची वाढ.

मग यावर उपाय म्हणून प्रत्येक मातेची उंची व वजन लक्षात घेऊन वेगळी पट्टी काढावी काय? तसे आलेख १९९० च्या दशकापासून वापरात आहेत. पण तेथे वेगळाच खड्डा आहे. आपल्याकडील ठेंगण्या आईची उंची हा निव्वळ वारसा नसतो. लहानपणी तिच्या ताटात काय पडले, ती किती वेळा आजारी पडली, तिचे लग्न कोणत्या वयात झाले, हे सारे त्या उंचीत साठलेले असते. ‘तुझ्या मानाने बाळ ठीक आहे’ असे तिला सांगणे म्हणजे तिच्यावर झालेला अन्याय मोजमापातून पुसून टाकणे होय.

तिसरी हरकत सर्वांत मूलभूत आहे: वजन नेमके काय सांगते? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण सर्व अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. स्नायू आणि पोटातील इंद्रिये बरीच लहान होती, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला किरकोळ, पण आत मेदाचे प्रमाण जास्त. पुढील आयुष्यातील मधुमेहाशी याचा संबंध असावा असे हे संशोधक मानतात. त्याच खेड्यांत असेही दिसले, की मातेने किती उष्मांक वा प्रथिने खाल्ली यापेक्षा तिच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा आले, याचा बाळाच्या आकारमानाशी अधिक संबंध होता. तराजूच्या काट्यावर यांतले काहीच उमटत नाही.

या चर्चेचा प्रत्यक्षात काय फरक पडतो? इंटरग्रोथच्या मानकानुसार ४० आठवड्यांच्या शंभर बाळांना वजनाच्या क्रमाने ओळीत ठेवले, तर खालून दहावे बाळ पावणेतीन ते तीन किलोच्या दरम्यान येते. त्याखालचे बाळ ‘लहान’ ठरते. म्हणजे त्या सहा खेड्यांतील पुष्कळशी बाळे जन्मतःच या शिक्क्याची धनी! त्यांतली काही खरोखरच धोक्यात असतील. पण धडधाकट बाळाच्या आईलाही जर कोणी ‘वजन कमी आहे, वरचे दूध सुरू करा’ असे सांगितले, तर त्या शिक्क्यानेच नुकसान होईल. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जन्मतः लहान पण नंतर वजनदार झालेल्या मुलांमध्ये इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची लक्षणे सर्वांत जास्त दिसली होती. वजन वाढवणे म्हणजे आरोग्य सुधारणे, असे समीकरण मांडता येत नाही.

म्हणून आमचे मत असे, की येथे दोन प्रश्नांची गल्लत होते आहे. ‘समोरच्या या बाळाला धोका आहे का?’ हा डॉक्टरांचा प्रश्न. त्याला आठवडे, आईची प्रकृती, बाळाची हालचाल, त्याचे दूध ओढणे असे सगळे पाहूनच उत्तर देता येईल, एकटे मानक तेथे अपुरे आहे. ‘आपल्या समाजातल्या मुलींना व मातांना जे मिळायला हवे ते मिळते आहे का?’ हा दुसरा प्रश्न. त्यासाठी मात्र सर्वांना एकच पट्टी हवी, आणि तिच्यावर आपण मागे दिसलो तर पट्टी बदलू नये. आईला मिश्री लावण्याची सवय असेल तरी बाळाला किंमत मोजावी लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे १०० ग्रॅमने हलकी होती. हे शंभर ग्रॅम ‘आपल्याकडचे’ म्हणून सोडून द्यायचे नसतात.

वर्गात हा विषय घेताना मुलांची जन्मवजने विचारू नयेत, त्यातून कोणाची तरी चेष्टा होते. त्याऐवजी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा: ‘सरासरी आणि योग्य, हे एकच आहे का?’ आठवी-नववीतल्या मुली या प्रश्नावर बरेच काही बोलू शकतील. त्यांनी आज काय खाल्ले, हेही त्या उत्तराचाच एक भाग आहे.