गीतातील न्यायासन

एन. डब्ल्यू. ए. ह्या कॅलिफोर्नियातील काँप्टन येथील कृष्णवर्णीय गायकसमूहाने १९८८ साली पोलिसांविरुद्ध गायिलेल्या रॅप-गीताची चर्चा बहुधा त्याच्या शीर्षकातील शिवीपाशीच थांबते. (ती येथे छापण्याचे प्रयोजन नाही.) वस्तुतः गीताची रचना खटल्याची आहे. डॉ. ड्रे न्यायाधीश होतो, एम. सी. रेन, आइस क्यूब व ईझी-ई साक्ष देतात. अखेरीस गोरा पोलीस दोषी ठरतो. प्रत्यक्ष न्यायालयात ज्यांच्या शब्दाला किंमत नाही त्यांनाच येथे बोलण्याचा अधिकार मिळतो. कृष्णवर्णीय पोलीसही ह्या साक्षींतून सुटत नाही, हे गीताला निव्वळ वर्णद्वेष म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवे होते. मात्र साक्षीदारच वधाच्या वल्गना करू लागतो तेथे रूपक ढासळते. साक्ष आणि सूड ह्यांतील अंतर रचनाकारांना राखता आलेले नाही.

ऑस्टिन ह्यांच्या विवेचनानुसार निवाडा ही शब्दांनीच घडणारी कृती होय. परंतु ती घडण्यास वक्त्यास अधिकार असावा लागतो, आणि रंगभूमीवर उच्चारलेली तर ती पोकळच. ड्रेचा निकाल कोणालाही बांधीत नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये एफ. बी. आय.च्या एका साहाय्यक संचालकाने ध्वनिमुद्रिका कंपनीस पत्र लिहिले व गीताचे नाव न घेता ते हिंसेस उत्तेजन देते असे म्हटले. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार तात्काळ बेकायदा कृत्याची चिथावणी असल्यावाचून असे भाषण दंडनीय ठरत नाही. पत्रात बंदीही नव्हती. पण लिहिणाऱ्याच्या पदामुळे त्या मताला जे वजन आले, ते गीतातील न्यायाधीशाच्या शब्दाला कधीच नव्हते.